वाटसरूचा मुक्काम : कावेरीकाठची छत्रे

प्रवासाला निघालेल्या माणसापुढे दिवस मावळताना दोन प्रश्न उभे राहतात : पाठ कोठे टेकावी आणि पोटाला काय मिळेल? आज या प्रश्नांचे एक लोकप्रिय उत्तर म्हणजे 'निवास व न्याहारी' ही सोय. एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरातील एक-दोन खोल्या प्रवाशांना देते आणि सकाळी घरचीच न्याहारी वाढते. घर जुने, ऐतिहासिक असेल आणि भोवती नदीखोऱ्याचा रम्य परिसर असेल, तर असा मुक्काम हाच प्रवासाचा हेतू होऊन बसतो. ही कल्पना नवी वाटते. पण दोनशे वर्षांपूर्वी कावेरीच्या खोऱ्यात मराठी राजांनी याहून मोठी व्यवस्था चालवली होती. तेथे निवास होता, भोजन होते. मोबदला मात्र घेतला जात नव्हता. त्या व्यवस्थेची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

पापनाशमचा परिसर

तमिळनाडूतील तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर पापनाशम हे गाव लागते. (याच नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेली भागात ताम्रपर्णी नदीकाठी आहे, ते वेगळे.) कावेरीला येथे अनेक फाटे फुटतात. कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन हे त्यांपैकी दोन फाटे पापनाशमच्या परिसरातून वाहतात. जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि नारळाची झाडे दिसतात. रामाने येथे शिवलिंगांची स्थापना करून पापक्षालन केले, अशी कथा सांगतात. त्या कथेशी जोडलेले १०८ शिवलिंगांचे रामलिंगस्वामी मंदिर येथे आहे. जवळच्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार उभे आहे. सतराव्या शतकातील हे कोठार पाहिले, की या खोऱ्यात वाटसरूंना पोटभर भात वाढण्याची परंपरा का रुजली, हे सहज उमगते. जेथे कोठारे भरलेली असतात, तेथे दातृत्वाला आधार मिळतो.

ओट्यावरचा पाहुणा

या भागातील जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने एक ओटा असतो. तमिळमध्ये त्याला 'तिण्णै' म्हणतात. आपल्याकडील वाड्याची ओसरी आठवावी, तसाच हा भाग. वर उतरते कौलारू छप्पर, पुढे लाकडी खांब, आत मधोमध उघडा चौक आणि चौकाभोवती खोल्या. वाटेने जाणारा अनोळखी माणूस या ओट्यावर निःसंकोच टेकत असे. घर कुटुंबाचे असले, तरी ओटा जणू वाटसरूचाही असे. मात्र एका घराच्या ओट्यावर शेकडो यात्रेकरूंची सोय होऊ शकत नाही. त्यासाठी छत्रे उभी राहिली.

छत्र म्हणजे काय?

मराठीत आपण 'अन्नछत्र' हा शब्द वापरतो. तो संस्कृत 'सत्र' या शब्दावरून आला. अनेकांनी मिळून दीर्घकाळ चालवलेला यज्ञ, असा सत्राचा मूळ अर्थ. पुढे सतत चालणाऱ्या अन्नदानालाही तेच नाव मिळाले. तमिळमधील 'सत्तिरम्' हा शब्दही याच कुळातला.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरचे राज्य मिळवले. त्यांच्या वंशजांनी १८५५ पर्यंत तेथे राज्य केले. रामेश्वरच्या यात्रेचा एक मोठा मार्ग या राज्यातून जात होता. काशीहून आणलेले गंगाजल रामेश्वरी वाहण्यासाठी उत्तरेकडील यात्रेकरू महिनोन्महिने पायी चालत येत. त्यांच्यासाठी भोसले राजांनी वाटेवर छत्रे बांधली. अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे आहेत : नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, राजामडमचे मोहनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र. प्रत्येक छत्राला काही गावांचे उत्पन्न तोडून दिलेले असे. त्यामुळे राजाची मर्जी फिरली किंवा एखाद्या वर्षी तिजोरी आटली, तरी छत्राची चूल विझत नसे.

ओरत्तनाडू हे गाव तंजावरच्या दक्षिणेस आहे. तेथील छत्र दुसरे सरफोजी राजे यांनी १८०२ च्या सुमारास आपल्या सहचारिणी मुक्तांबाळ यांच्या नावे उभारले. दगडी जोत्याला रथाचा आकार दिलेला असून त्यावर चाके, घोडे आणि हत्ती कोरले आहेत. वास्तू स्थिर, पण तिच्यात उतरणारा प्रत्येक जण वाटेवरचा!

सरफोजी राजांचे पत्र

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. सरफोजी राजांकडे किल्ला आणि काही मानमरातब एवढेच उरले. अशा वेळी राजाने काय मागावे? १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रे आणि त्यांची गावे आपल्याकडेच राहावीत, अशी कळकळीची विनंती केली. या पत्रात त्यांनी छत्रांचे नियम सविस्तर सांगितले आहेत.

छत्रात येणाऱ्या सर्व जातींच्या आणि पंथांच्या प्रवाशांना शिजवलेला भात दिला जाई. ज्यांना शिजवलेले अन्न चालत नसे, त्यांना कोरडा शिधा मिळे. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास यावे, अशी हाक दिली जाई. आजारी प्रवाशाला औषध, पथ्याचे अन्न आणि बरे होईपर्यंत आसरा मिळे. वैद्य व शिक्षक नेमलेले असत. परक्या प्रवाशांची अनाथ मुले शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना जेवण, कपडे आणि शिक्षण मिळे. अर्थात, एकत्र पंगतीचा हा काळ नव्हता. जातीनुसार वेगळेपण होतेच. तरीही उपाशी कोणी राहू नये, हा नियम सर्वांना सारखा होता.

राज्य गेले, तरी पाहुणचाराचा हक्क जाऊ नये, म्हणून एका राजाने केलेली ही याचना होती. छत्रे त्यांच्याकडे राहिली.

छत्रे ओस का पडली?

१८५५ मध्ये शेवटचे राजे दुसरे शिवाजी निधन पावले आणि राज्य संपले. छत्रांची मालमत्ता सरकारी व्यवस्थेखाली गेली. त्यानंतर या भागात रेल्वे आली. १९१४ मध्ये पांबनच्या खाडीवर रेल्वेपूल झाला आणि यात्रेकरू गाडीने थेट रामेश्वरला पोहोचू लागले. जो प्रवास आठवडाभर चाले, तो काही तासांचा झाला. मग वाटेत मुक्काम कोण करणार? काही छत्रांत शाळा व वसतिगृहे चालली. काही वास्तू मोडकळीस आल्या. त्या पडल्या त्या केवळ पावसाने नव्हे. वापर थांबला, की घर आतून खचू लागते. रोज चूल पेटते, केर निघतो, गळके कौल वेळीच बदलले जाते, तेच घर टिकते.

आजचा मुक्काम

म्हणूनच जुन्या घरांत प्रवाशांची सोय करण्याची आजची पद्धत महत्त्वाची आहे. केंद्र शासनाच्या पर्यटन मंत्रालयाची तसेच महाराष्ट्र शासनाची 'निवास व न्याहारी' योजना आहे. केंद्राच्या योजनेत घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे लागते आणि भाड्याने देण्याच्या खोल्या सहापेक्षा जास्त नसाव्या लागतात. यामागील विचार साधा आहे : पाहुण्याला घरपण मिळावे आणि घराला उत्पन्न. छपराची दुरुस्ती त्या उत्पन्नातून होते. घरातील गृहिणीच्या हातच्या पदार्थांनाही मोल येते.

मात्र एक फरक विसरता येणार नाही. छत्राचे दार पैसा नसलेल्यासाठीही उघडे होते. आजच्या ऐतिहासिक घरात भाडे परवडणाराच उतरतो. भाडे घेण्यात गैर काही नाही, कारण त्यावरच घर तगते. पण वारसा म्हणजे केवळ कोरीव खांब आणि उघडा चौक नव्हे. उशिरा पोहोचलेल्या, थकलेल्या माणसाला आपण कसे वागवतो, हाही वारसाच आहे. कावेरीकाठी तो मध्यरात्रीच्या घंटेने जपला होता. आपल्या दारी पाहुणा येईल, तेव्हा त्या घंटेची आठवण ठेवावी.

शब्दार्थ

शिधा – न शिजवलेले धान्य व स्वयंपाकाचे इतर सामान
जोते – इमारतीचा पायावरील चौथरा
याचना – विनवणी, मागणे
ओस पडणे – निर्जन होणे

विचार करा आणि लिहा

१. छत्रांना गावांचे उत्पन्न तोडून देण्याचा फायदा कोणता होता?
२. रेल्वेमुळे छत्रांचा वापर का कमी झाला?
३. छत्र आणि आजची 'निवास व न्याहारी' सोय यांतील एक साम्य व एक फरक सांगा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या धर्मशाळेची किंवा वाड्याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.