मंडळात ७० मिमी, तुमच्या शेतात किती? छोटा वायफाय बोर्ड वापरून पाऊस कसा मोजायचा

जुलै-ऑगस्टमध्ये वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास दिसतो. कोणी लिहितं, "आमच्याकडे नाल्याला पूर आला." तीन किलोमीटरवरच्या वस्तीतून उत्तर येतं, "इकडे तर अंगण पण नाही भिजलं." दोघंही खरं बोलत असतात. पावसाळी ढग गावांच्या शिवा पाहून बरसत नाहीत.

सरकारी नोंदीत मात्र दोघांचा पाऊस एकच असतो. राज्यात पाऊस मोजण्याचं एकक महसूल मंडळ आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, राज्यभरात दोन हजारांहून जास्त. एका मंडळात अनेक गावं येतात आणि केंद्र एका ठिकाणी असतं. २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं मानतात. केंद्रावर ६० मिमी आणि तुमच्या सोयाबीनमध्ये ९० मिमी पडला, तर कागदावर ६० हाच आकडा राहतो.

वाशीममध्ये हा फरक जास्त जाणवतो, कारण जिल्हा दोन खोऱ्यांच्या दुभाजकावर आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला अकोल्याकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. पैनगंगा आणि अडाणचं पाणी गोदावरीला मिळतं. मधे डोंगराळ पट्टा, चढउतार आणि विखुरलेली गावं.

आता ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी. आपल्या शिवारातला पाऊस मोजणारं यंत्र घरी बनवता येतं, आणि त्याचा मेंदू असलेला बोर्ड तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो.

हा बोर्ड आहे तरी काय?

शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी८२६६ नावाची चिप आणली. तोपर्यंत हौशी लोक आर्डुइनो वापरायचे, पण त्याला इंटरनेटला जोडायचं तर वेगळा महागडा भाग लागायचा. या चिपमध्ये वायफाय आतच होतं, तेही अगदी स्वस्तात. २०१६ मध्ये तिचं मोठं भावंड आलं, ईएसपी३२. त्यात ब्लूटूथ आहे, दोन कोअर आहेत आणि झोपेतून उठण्याची सोय बरीच चांगली आहे. आगपेटीपेक्षा थोडा लांब बोर्ड, दोन्ही बाजूंना पिनांच्या रांगा, एका टोकाला यूएसबीचं तोंड. लॅपटॉपवर आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि केबलने बोर्डात टाकायचा. पावसाच्या कामासाठी ईएसपी३२ घ्या, कारण पुढे येईल.

पाऊस मोजतात कसा?

एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. बाकी सगळं गणित यातूनच निघतं.

यंत्राची रचना सी-सॉसारखी असते. वर नरसाळं, खाली मधोमध टेकवलेल्या दोन छोट्या वाट्या. एक वाटी भरली की कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. सी-सॉला चुंबक चिकटवलेला असतो आणि शेजारी रीड स्विच. चुंबक समोरून गेला की स्विच क्षणभर जुळतो. बोर्डाने फक्त हे टकटक मोजायचं.

नरसाळ्याचा व्यास १६ सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिमी पावसाला साधारण २० मिलीलिटर पाणी जमा होतं. वाटी ५ मिलीलिटरला कलंडत असेल तर एक टक म्हणजे पाव मिमी. मंडळाची ती ६५ मिमीची रेषा गाठायला २६० टक लागतील.

आता खरी परीक्षा. एक लिटर पाणी मोजून घ्या, बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा आणि नरसाळ्यात हळूहळू गळू द्या. २०० टक यायला हवेत. १९० आले तर वाटी ५ नव्हे, ५.२६ मिलीलिटरला कलंडते आहे. प्रोग्राममध्ये तोच आकडा टाका. बरेच जण ही पायरी गाळतात आणि पावसाळाभर चुकीचे आकडे गोळा करतात.

स्विचची एक खोड असते. पत्ती जुळताना थरथरते आणि एका टकचे तीन टक मोजले जातात. म्हणून एक टक मोजल्यावर दीडशे-दोनशे मिलिसेकंद बोर्डाने कानाडोळा करायचा, अशी ओळ प्रोग्राममध्ये हवी. स्विचचं एक टोक ग्राउंडला, दुसरं ३३ नंबरच्या पिनला, आणि त्या पिनपासून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर. जोडणी एवढीच.

वीज आणि नेटवर्कचं काय?

बहुतेक हौशी प्रकल्प इथे अडकतात. वायफाय चालू असताना ईएसपी३२ ढोबळमानाने १०० मिलिअँपिअर खातो. २,००० मिलिअँपिअर-तासांचा सेल वीस तासांत संपणार. उपाय म्हणजे डीप स्लीप. त्यात चिप फक्त १० मायक्रोअँपिअरच्या घरात खर्च करते, टक आला की जागी होते, आकडा वाढवते आणि परत झोपते. झोपेतही आकडा जपणारी छोटी मेमरी ईएसपी३२ मध्ये आहे. ईएसपी८२६६ मध्ये हे जमवताना नाकी नऊ येतात.

पण दहा मायक्रोअँपिअर हा आकडा नुसत्या चिपचा आहे. स्वस्त बोर्डावरचा लाल दिवा आणि यूएसबीची चिप झोपत नाहीत. बोर्ड मिळून १० मिलिअँपिअर जात असतील तर तोच सेल जेमतेम आठ दिवस टिकेल. शिवाय ३.७ व्होल्टचा सेल थेट ५ व्होल्टच्या पिनला लावला तर बोर्डावरच्या रेग्युलेटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि वायफाय सुरू होताच बोर्ड रीसेट होत राहतो. पॉवरबँकही नको; करंट कमी दिसला की ती स्वतःच बंद होते. बॅटरीचं सॉकेट असलेला बोर्ड घ्या, नाहीतर यंत्र अंगणात ठेवून घरातून ॲडाप्टरची वायर काढा.

नेटवर्कसाठी लक्षात ठेवा, हे दोन्ही बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर बोर्डाला तो दिसणारच नाही. घरचं वायफाय शेतापर्यंत जाणार नाही, हेही उघड आहे. इएसपी-नाऊ या पद्धतीने दोन बोर्ड राउटरशिवाय एकमेकांशी बोलतात, मोकळ्या जागेत दोनशेएक मीटर. त्याहून लांब जायचं असेल तर लोराचे मॉड्यूल. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या अशा उपकरणांना परवाना लागत नाही.

ठेवायचं कुठे?

झाडाखाली नको, भिंतीला लागून नको. शेजारी घर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असतं. पत्र्याच्या छपरावर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो, आणि विजा कडाडत असताना तिथे चढून यंत्र तपासायचं तर नावच काढू नका. नरसाळ्यात जाळी लावा. पानं, मुंग्या आणि कोळी हे या यंत्राचे खरे शत्रू आहेत.

दिवसाची बेरीज मध्यरात्री करू नका. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. बोर्डाने इंटरनेटवरून वेळ घेऊन त्याच वेळेला आकडा बंद केला, तरच तुमची नोंद मंडळाच्या नोंदीशेजारी ठेवता येईल.

मग हा आकडा तहसीलमध्ये चालेल का?

नाही. घरी बनवलेल्या यंत्राची नोंद अतिवृष्टीचा पुरावा म्हणून कोणी मान्य करणार नाही, आणि मुसळधार पावसात ही पद्धत थोडं कमीच मोजते. पण पंचनाम्याची मागणी करताना "खूप पडला" असं सांगणं वेगळं, आणि तारीख-तासानुसार तक्ता, सोबत शेताचे फोटो देणं वेगळं. एकाच मंडळातल्या चार-पाच गावांत अशी यंत्रं असली आणि ती सतत केंद्रापेक्षा वेगळा आकडा दाखवत असली, तर केंद्राच्या जागेबद्दल प्रश्न विचारायला ग्रामसभेच्या हातात काहीतरी असेल. रोजच्या कामात तर उपयोग आहेच: फवारणी केल्यावर किती वेळात किती पाऊस आला, औषध धुऊन गेलं का, याचं उत्तर मंडळाच्या आकड्यातून मिळत नाही.

वाशीम २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब ही त्याच आयोगाची योजना. लॅब असलेल्या शाळेत लुकलुकणाऱ्या दिव्यानंतर दुसरा प्रकल्प म्हणून हे यंत्र घेता येईल. शेजारी सरळ बाजूंची एक साधी बाटली आणि पट्टी ठेवा, म्हणजे रोज सकाळी साडेआठला दोन्ही आकडे पडताळता येतील.