धड्यातील दोन रकाने आणि कोळशाचे राज्य

शालेय विज्ञानात ऊर्जेची साधने दोन रकान्यांत शिकवली जातात. एका रकान्यात सूर्य, वारा, वाहते पाणी आणि जैवभार. दुसऱ्यात कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू. पहिली साधने वापरली तरी पुन्हा भरून येतात, दुसरी एकदा जाळली की संपली. एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात कोळसा आणि पेट्रोलियमवर स्वतंत्र धडा अनेक वर्षे होता. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा आहे. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरील भनपुरीच्या औद्योगिक वस्तीत राहणाऱ्या मुलांनाही हीच विभागणी पाठ करावी लागते.

ही विभागणी निसर्गापुरती खरी आहे. मात्र साधन कोणाच्या जमिनीत आहे, ते कोण जाळतो, त्याचा पैसा कोठे जातो आणि ते सरल्यावर मागे काय उरते, या चार प्रश्नांना त्या तक्त्यात जागा नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मलेल्या छत्तीसगडचे राजकारण आजवर याच चार प्रश्नांभोवती फिरत आले आहे.

एकाच रस्त्यावरची तीन इंधने

भनपुरीत रोलिंग मिल आणि लाकडाच्या वखारी आहेत. तेथून पुढे उरला आणि सिलतरा या वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. स्पंज आयर्नच्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवले जातात. तेथे कोळसा उष्णता देतो, शिवाय खनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे रासायनिक कामही तोच करतो. पुढे विजेच्या भट्टीत हे लोखंड वितळवले जाते आणि रोलिंग मिलमध्ये त्याच्या सळया निघतात. वितळवण्याची वीज उद्या सूर्यापासून मिळू शकेल. पण खनिजातून लोखंड वेगळे करणाऱ्या कोळशाची जागा सौरपट्टी घेऊ शकत नाही. त्यासाठी हायड्रोजनसारखा दुसरा पदार्थ स्वस्तात उपलब्ध व्हावा लागेल. ‘कोळसा बंद करा’ ही घोषणा विजेपुरती जितकी सोपी वाटते, तितकी ती पोलादाबाबत सोपी नाही.

पहिल्या रकान्यातील साधनेही नेहमीच तेथे बसतात असे नाही. वखारीतले लाकूड नवीकरणीय म्हणायचे, तर तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढले पाहिजे. धानाच्या कोंड्याचेही तसेच. छत्तीसगड हा धानाचा कटोरा असल्याने कोंड्यावर चालणारी अनेक छोटी वीजकेंद्रे येथे उभी राहिली. कोंडा दर हंगामाला नव्याने येतो हे खरे. परंतु त्याला गिऱ्हाईक मिळताच त्याचा भावही वाढला आणि ही केंद्रे तोट्याच्या गणितात सापडली. इंधन नवीकरणीय असणे आणि ते परवडणारे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धूर हाही या तक्त्याबाहेर राहिलेला विषय. भनपुरी ते सिलतरा या पट्ट्यात घरांच्या गच्च्यांवर काळी काजळी बसते, ही रायपूरकरांची जुनी तक्रार आहे. आता त्याच गच्च्यांवर सौरपट्ट्या येऊ लागल्या आहेत, आणि काजळी बसलेली सौरपट्टी कमी वीज देते. दुसऱ्या रकान्यातील इंधन पहिल्या रकान्यातील साधनावर शब्दशः बसते, ते असे.

उजेड एकाचा, खाण दुसऱ्याची

राज्याची निर्मिती झाली तेव्हा कोरब्यातील मोठी औष्णिक केंद्रे छत्तीसगडच्या वाट्याला आली आणि विजेचे बहुसंख्य ग्राहक मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे नवे राज्य जन्मापासूनच शिलकीचे ठरले. महाराष्ट्रात भारनियमनाने शेतकरी आणि उद्योजक हैराण होते, त्या काळात रायपूरचे सत्ताधारी आपले राज्य वीजकपातमुक्त असल्याचे अभिमानाने सांगत होते. कोळसा जवळ, पाणी जवळ, मग वीजकेंद्रेही येथेच, या हिशेबाने खासगी कंपन्यांशी सामंजस्य करारांची रांग लागली. त्यातील बरेच प्रकल्प पुढे कर्जात रुतले. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने ज्या ३४ अडचणीतील औष्णिक प्रकल्पांचा विचार केला, त्यांत छत्तीसगडमधील प्रकल्पांची संख्या लक्षणीय होती.

वीज मात्र बाहेर जात राहिली. चांपा ते कुरुक्षेत्र ही उच्चदाबाची एकदिश वाहिनी ६,००० मेगावॉट क्षमतेची आहे. दिल्लीच्या परिसरात लागणाऱ्या दिव्यांमागे छत्तीसगडचा कोळसा असतो तो अशा वाहिन्यांमुळे. तेवढ्याच क्षमतेची दुसरी वाहिनी रायपूरहून तामिळनाडूतील पुगलूरला जाते. तिची रचना दुहेरी प्रवाहाची आहे: दक्षिणेत वारा पडला की मध्य भारतातील वीज तिकडे जावी, आणि वारा भरपूर असला की पवनविजेचे आधिक्य इकडे यावे. शाळेच्या तक्त्यात एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन रकाने या एका तारेने जोडले आहेत. कोळसा आणि वारा यांचे नाते आजच्या वीजव्यवस्थेत असे एकमेकांना सावरण्याचे आहे.

वीजशुल्काचा मुद्दा येथेच येतो. कोळशावर राज्याला स्वामित्वधन मिळते. २०१२ पासून त्याचा दर मूल्याच्या १४ टक्के आहे. विजेच्या वापरावरील शुल्क मात्र ती जेथे वापरली जाते त्या राज्याच्या तिजोरीत जाते. राख, धूर आणि पाण्याचा उपसा कोरब्यात; वीजशुल्क दुसऱ्या राज्यांच्या तिजोरीत. केंद्रातील अधिकाऱ्यांना परिचित असलेल्या या वादाचे समाधानकारक उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

हसदेव अरण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील परसा पूर्व व केते बासन हा कोळसापट्टा राजस्थानच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळाला आणि २०१३ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये या भागातील आदिवासी सुमारे ३०० किलोमीटर पायी चालत रायपूरला आले. २६ जुलै २०२२ रोजी छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधील कोळसापट्टे रद्द करावेत, असा ठराव केला. तरीही वृक्षतोड थांबली नाही. विशेष म्हणजे सौरऊर्जेच्या स्थापित क्षमतेत राजस्थान देशात अग्रेसर आहे. दिवसा वाळवंटातील ऊन आणि रात्री दुसऱ्या राज्यातील जंगलाखालचा कोळसा, अशी ही वाटणी आहे.

महाराष्ट्राचा वाटा

मराठी वाचकाला याकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यासह छत्तीसगड १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेले आणि १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूरच्या राजधानीतून चालला. त्या जुन्या संबंधाला आता कोळशाचा नवा धागा जोडला गेला आहे. छत्तीसगडमधील रायगढ जिल्ह्याच्या तमनार तालुक्यातील गारे पेलमा सेक्टर-२ हा कोळसापट्टा २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीला देण्यात आला. चंद्रपूर, कोराडी आणि परळी येथील संचांसाठी हा कोळसा हवा आहे. प्रकल्पाच्या क्षेत्रात १४ गावे येतात. २०२२ मध्ये मिळालेली पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती नव्याने देण्यात आली, आणि जून २०२५ मध्ये मुडागाव परिसरात पोलीस बंदोबस्तात झाडे तोडली गेली.

महाराष्ट्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. स्वतःची खाण असली की परदेशी कोळशाची आयात आणि इंधनटंचाईची टांगती तलवार कमी होते. भारनियमनाच्या वर्षांनी हा धडा राज्याला शिकवला आहे. पण मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत गच्चीवरील सौरपट्ट्यांचे कौतुक होत असताना त्याच राज्याच्या नावाची खाण तमनारमधील जंगलात उघडते. त्या गावांच्या पुनर्वसनाची आणि वनहक्कांची नैतिक जबाबदारी केवळ रायपूरवर ढकलता येणार नाही. ती मंत्रालयापर्यंत पोहोचते.

छप्पर ज्याचे, अनुदान त्याचे

खुद्द छत्तीसगडमध्ये विजेच्या राजकारणाने अलीकडे वळण घेतले आहे. २०१९ मध्ये तत्कालीन काँग्रेस सरकारने घरगुती ग्राहकांना ४०० युनिटांपर्यंत निम्मे बिल ही योजना आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये भाजप सरकारने ही मर्यादा १०० युनिटांवर आणली आणि टीका झाल्यावर वर्षअखेरीस ती २०० युनिटांपर्यंत वाढवावी लागली. त्याच सुमारास पंतप्रधान सूर्यघर योजनेवर भर देण्यात आला. तीन किलोवॉटच्या संचाला केंद्राकडून ७८,००० रुपयांपर्यंत आणि राज्याकडून आणखी ३०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. स्वस्त कोळशाच्या विजेवरील सवलत आवरून तो पैसा सौरसंचाकडे वळवण्याचे हे धोरण दिशा म्हणून योग्यच आहे.

परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी स्वतःचे छप्पर लागते. भनपुरी-उरल्याच्या कारखान्यांतील मोठा कामगारवर्ग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगडच्या आतल्या जिल्ह्यांतून आलेला आहे. तो भाड्याच्या खोलीत राहतो. बिलातील सवलत घटली तर घरमालक युनिटचा दर वाढवतो, आणि सौरसंच बसला तर त्याची बचत मालकाच्या खात्यात जाते. दिल्लीत किंवा मुंबईत भाड्याने राहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सूर्य सर्वांचा असला तरी गच्ची सर्वांची नसते. सामायिक सौरप्रकल्पातील वाटा भाडेकरूच्या बिलात वळता करण्याची सोय झाल्याखेरीज ही योजना स्थलांतरितांना ओलांडून जाणार.

उद्योगांचीही कोंडी आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस वीजदरवाढीच्या निषेधार्थ राज्यातील अनेक छोट्या पोलाद कारखान्यांनी उत्पादन थांबवले. विजेच्या शिलकीचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यातील भट्ट्या विजेच्या दरामुळे थंडावल्या, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

साठा संपेल की गिऱ्हाईक?

कोळसा एक दिवस संपेल, अशी भीती पाठ्यपुस्तक घालते. देशातील साठ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या छत्तीसगडला त्याहून जवळचे संकट वेगळे आहे: साठा शिल्लक असतानाच गिऱ्हाईक कमी होण्याचे. जून २०२५ च्या अखेरीस देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगरजीवाश्म साधनांचा वाटा निम्मा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा आजही सर्वांत मोठा आहे, कारण सूर्य मावळल्यावर मागणी वाढते. पण हे अंतरही कमी होत आहे. छत्तीसगडच्याच राजनांदगावमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या १०० मेगावॉटच्या सौरप्रकल्पाला ४० मेगावॉटचा बॅटरीसंच जोडलेला आहे. तो तीन तास वीज देऊ शकतो. संध्याकाळचे हे तीन तास आजवर कोळशाची मक्तेदारी होते. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्यानंतर जमिनीत उरलेल्या कोळशाला अर्थसंकल्पात किंमत राहणार नाही.

म्हणूनच राज्याचे खरे अनवीकरणीय साधन म्हणजे कोळशातून मिळणारे उत्पन्न आणि त्याने मिळवून दिलेला अवधी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी स्थापन झाला तो खाणग्रस्तांसाठी. छत्तीसगडमध्ये त्या निधीच्या वापराची सक्तवसुली संचालनालयाला चौकशी करावी लागली. २०१० मध्ये कोळशावर हरित उपकर बसला, तो २०१६ पर्यंत टनामागे ४०० रुपयांवर पोहोचला, २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला; त्याऐवजी कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी राखायचा पैसा असा सर्वसाधारण महसुलात मिसळून गेला.

एक पिढी हाती आहे. तेवढ्या काळात कोळशाच्या पैशातून शाळा, कुशल कामगार, बॅटरीची साठवण आणि कमी कोळशात लोखंड गाळण्याचे तंत्र उभे राहिले, तर दुसऱ्या रकान्यातील संपत्तीचे पहिल्या रकान्यात रूपांतर होईल. तसे झाले नाही, तर भनपुरीत आज हा तक्ता पाठ करणारी मुले मोठी होतील तेव्हा खाणी, वाहिन्या आणि राखेचे बंधारे तेथेच असतील. त्यांना काम देणारा धंदा मात्र नसेल. ही गोष्ट रायपूरच्या अर्थसंकल्पात ठरेल, तशीच कोळसा मागणाऱ्या जयपूर, मुंबई आणि दिल्लीच्या दालनांतही ठरेल.