वंशावळ आणि सिकलसेल

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे आढळतात. आनुवंशिक रोगांच्या शोधात नावांइतकीच आजारांची नोंदही मोलाची ठरते. विदर्भ व नंदुरबार भागांत विशेषत्वाने आढळणारा सिकलसेल हा असाच एक रक्तविकार होय. त्याचा वाहक बहुधा निरोगीच दिसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, तर वाहक होण्याची ५० टक्के असते. दोष उभयतांकडून येत असल्याने केवळ मातेस बोल लावणे अशास्त्रीय आहे. म्हणूनच रुग्ण आढळताच पितृकुळ व आजोळ अशा दोन्हीकडील तीन पिढ्यांचा तक्ता तयार करून नातलगांची रक्ततपासणी करणे हितावह ठरते. तक्ता केवळ दिशा दाखवितो. निदान हिमोग्लोबिनच्या तपासणीनेच होते. ती विवाहापूर्वी झाल्यास पुढील पिढीचे दुःख टळू शकेल.