बोटभर अंतराचा निवाडा

१९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी भरलेल्या जागतिक मैदानी स्पर्धांत स्त्रियांच्या शंभर मीटर शर्यतीची अंतिम फेरी संपली, तेव्हा अमेरिकेची गेल डेव्हर्स आणि जमैकाची मर्लिन ऑटी यांपैकी आधी कोण पोचली, हे केवळ नजरेच्या भरवशावर छातीठोकपणे सांगणे कोणत्याही पंचाला शक्य नव्हते. निकालपत्रात दोघींच्या नावांपुढे १०.८२ सेकंद ही एकच वेळ नोंदली गेली. सुवर्णपदक मात्र डेव्हर्सकडे गेले, जमैकाच्या संघाने त्यावर रीतसर तक्रार गुदरली, आणि ती नामंजूर झाली.

वेळ एक असता क्रमांक दोन कसे, हा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. अंतिम रेषेवर बसविलेल्या यंत्राला सेकंदाचा हजारावा अंशही वाचता येतो. परंतु जाहीर करावयाची वेळ शतांशांतच द्यावी, आणि वर काही सहस्रांश उरल्यास पुढचा शतांश धरावा, असा नियमाचा दंडक आहे. त्यामुळे डेव्हर्सचे १०.८११ आणि ऑटीचे १०.८१२ ही दोन्ही माने जाहीर दप्तरात १०.८२ होऊन बसली. शर्यतीच्या अखेरीस या धावपटू सेकंदाला सुमारे दहा मीटर अशा वेगाने येत असतात हे ध्यानी घेतले, तर हजाराव्या अंशाचे मोल एक सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम बोटाच्या रुंदीएवढे, भरते.

हे बोटभर अंतर ज्या छायाचित्रावरून ठरते, ते मोठे चमत्कारिक असते. नेहमीच्या छायाचित्रात एका क्षणी अनेक स्थळे दिसतात; येथे एकच स्थळ अनेक क्षणी दिसते. कॅमेरा एका अरुंद फटीतून फक्त अंतिम रेषेकडे टक लावून असतो, आणि त्या रेषेवर क्षणोक्षणी जे काही येईल त्याच्या उभ्या पट्ट्या एकीशेजारी एक मांडीत जातो. म्हणून त्या चित्रात दोन धावपटूंमध्ये जी जागा दिसते, ती वस्तुतः जागा नसून काळ असतो. आणि जिचा पाय नेमका रेषेवर पडला तिचा बूट, तो तेथे अधिक वेळ टेकल्यामुळे, विलक्षण लांबलेला दिसतो. पंच या चित्रावर एक उभी रेघ सरकवीत नेतात आणि ती धडाला प्रथम कोठे लागते ते पाहतात. मस्तक, मान, हात, पाय यांची साक्ष या न्यायासनापुढे ग्राह्य नाही. शेवटच्या पावलाला या मुली छाती पुढे झोकून देतात त्या याचसाठी. तो झोक निमिषभर आधी दिला तर गती मोडते, उशिरा दिला तर व्यर्थ जातो.

यंत्रावर भरवसा बसण्यापूर्वी हाच फैसला माणसांच्या डोळ्यांवर आणि हातातील घड्याळांवर चाले. १९३२ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत पोलंडची स्तानिस्वावा वालासिएविच आणि कॅनडाची हिल्डा स्ट्राइक या दोघींना ११.९ हीच वेळ देऊन पंचांनी पहिलीला विजयी ठरविले. पुढे यंत्राच्या जमान्यात त्याच शहरी १९८४ साली पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या अंशाने कांस्यपदकास मुकली, हे भारतीय वाचकाला नव्याने सांगावयास नको.

अशा निवाड्यात जिंकणारीला नशीबवान म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. डेव्हर्सच्या बाबतीत तसे म्हणणे अन्यायाचे होईल. थायरॉइड ग्रंथीच्या ग्रेव्हज् नामक विकाराने आणि त्यावरील उपचारांनी तिच्या पायांची अशी दशा झाली होती की ते कापावे लागण्याची भाषा डॉक्टर करू लागले होते. त्यातून उठून तिने १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमधील शंभर मीटरची शर्यत जिंकली. पहिल्या पाच जणी सेकंदाच्या सहा शतांशांच्या आत आल्या, आणि त्यांतली पाचवी ऑटी होती. पुढे काही दिवसांतच अडथळ्यांच्या शर्यतीत आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्याला अडखळून डेव्हर्स कोलमडली आणि पाचवी आली.

१९९६ साली अटलांटा येथे पुन्हा तेच घडले: दोघींनाही १०.९४, पुन्हा छायाचित्र, पुन्हा डेव्हर्स. दंडक सदोष आहे असे माझ्याने म्हणवत नाही, कारण सीमा कोठेतरी आखावीच लागते. तरी सहस्रांशही सारखा आला तर नियम दोघींना बरोबरीचे मानतो. मग शतांश सारखा असताना तसे मानावयास काय हरकत होती, असे मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात् मग तंटा शतांशाच्या हद्दीवर होईल. आणि त्याच श्टुटगार्टमध्ये दोनशे मीटरचे सुवर्णपदक ऑटीने ग्वेन टॉरेन्सला अवघ्या दोन शतांशांनी मागे टाकून मिळविले होते, हेही विसरता येत नाही.

ऑलिंपिकचे सुवर्ण मात्र तिला कधीच लाभले नाही. २००० साली सिडनीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती ११.१९ सेकंदांत चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाची तिची देशभगिनी टेना लॉरेन्स हिची वेळ ११.१८ होती. विजेती मेरियन जोन्स हिने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली २००७ साली दिली, तिची पदके जप्त झाली, आणि २००९ साली ऑलिंपिक समितीच्या ठरावान्वये ते कांस्यपदक ऑटीच्या नावे लागले. तोवर ती स्लोव्हेनियाची नागरिक झाली होती. २०१२ साली हेल्सिंकीच्या युरोपीय स्पर्धांत, बावन्न वर्षे पुरी झाल्यावर, त्या देशाच्या रिले संघातून ती धावली.