कोतवालाच्या सनदेचा माग

पेशवाईत पुण्याचा कोतवाल चोर पकडण्यापुरता नव्हता. पेठांमधले मोठे तंटे तोडणे, रस्ते, गल्ल्या आणि घरांचे वाद मिटवणे, बाजारातले दर बांधून देणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, जागांच्या खरेदी-विक्रीचे कागद नोंदवणे, सरकारकामाला मजूर पुरवणे, हे सारे त्याच्याकडे होते. ही कामे त्याला सनदेत कलमवार लिहून दिली जात. शहर प्रत्यक्षात कसे चालवले जाई, हे या कलमांइतके स्पष्ट क्वचितच कुठे सापडते.

या कलमांच्या शोधाची सुरुवात गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीच्या छापील खंडांपासून करावी. मूळ मोडी कागद पुणे अभिलेखागारातल्या पेशवे दप्तराच्या रुमालांत आहेत.

नवखा अभ्यासक अडखळतो तो तारखेशी. घाशीराम सावळदास १७७७ च्या फेब्रुवारीत कोतवाल झाला. त्या वेळच्या कागदांवर साल येते ‘सबा सबैन मया व अलफ’. म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार. सुहूर सन ११७७. हे साल मृग नक्षत्राला बदलते. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. महिने मात्र मोहरम, सफर असे हिजरी. हिजरी वर्ष सुहूर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने सुहूर सालाच्या दोन्ही टोकांना तीच तारीख दोनदा येऊ शकते. अशा वेळी नुसती बेरीज पुरत नाही. जंत्री उघडून मागचे-पुढचे कागद ताडून पाहावे लागतात.

दुसरी अडचण शिक्क्याची. अस्सल सनद ज्याला दिली त्याच्या घरी जाई, दप्तरात राही ती नक्कल किंवा नोंद. त्यामुळे दप्तरातल्या कागदावर मोर्तब दिसले नाही, एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. उलट, एखाद्या घराण्याकडून शिक्क्याची सनद पुढे आली, तर तिची नोंद दप्तरात शोधलीच पाहिजे.

कलमांत लिहिलेला अधिकार खरोखर किती चालला, हे कोतवालीच्या हिशेबांतून पडताळता येते. कोणाकडून किती दंड घेतला आणि कशाबद्दल, हे तिथे सापडते. घाशीरामाच्या बाबतीत ही पडताळणी फारच गरजेची, कारण १९७२ च्या तेंडुलकरांच्या नाटकाने उभा केलेला कोतवाल आज मराठी वाचकाच्या मनात इतका घट्ट बसला आहे, की १७९१ पर्यंत कोतवाली सांभाळणारा माणूस त्याच्याआड दिसेनासा होतो.