माशीच्या लाळग्रंथीतील महाकाय गुणसूत्रे

प्राणिमात्रांच्या पेशींतील गुणसूत्रे एरवी इतकी तलम असतात की, विभाजनाच्या वेळी ती आखडून जाड झाल्यावाचून साध्या सूक्ष्मदर्शकास त्यांचा मागमूसही लागत नाही. परंतु माशीवर्गीय कीटकांच्या अळ्यांत लाळग्रंथीची पेशी विभागल्यावाचून तिच्यातील डीएनए पुनःपुन्हा दुपटीने वाढत जातो, हजारभर धागे परस्परांस बिलगून त्यांचा एक दोर होतो, आणि त्या दोरावर गडद व फिके आडवे पट्टे स्वच्छ दिसू लागतात.

बाल्बियानी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ सालीच हे दोर पाहिले होते. ती गुणसूत्रेच होत, ही खातरजमा मात्र जर्मनीत हाइट्झ व बाउअर यांनी आणि टेक्ससमध्ये पेंटर यांनी १९३३ साली केली. वस्तू नजरेस पडणे निराळे आणि तिची ओळख पटणे निराळे! लगोलग १९३५ साली ब्रिजेस यांनी, मोजणीखात्याने गावाच्या जमिनीचे नंबर पाडावेत तशा चोखपणे, फळमाशीच्या गुणसूत्रांचे १०२ विभाग पाडून त्यांचा नकाशा सिद्ध केला.

या साऱ्या अभ्यासात एक खोट होती. ग्रंथी काचपट्टीवर अंगठ्याने दाबून चपटी केली म्हणजे पट्टे दिसतात खरे, पण केंद्रकातील मूळ मांडणी नष्ट होते. म्हणून कॅलिफोर्नियातील सेडाट व अगार्ड यांनी १९८३ साली अखंड केंद्रकाचे थरावर थर टिपून संगणकाद्वारे त्याची त्रिमितीय आकृती उभी केली. तरीही प्रकाशाची उपजत मर्यादा आड येतच होती. कारण सुमारे २०० नॅनोमीटरांहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकास एकच भासतात. त्यांच्याच प्रयोगशाळेतील गुस्ताफसन यांनी २००० साली यावर जी तजवीज प्रसिद्ध केली, तिचे चातुर्य मला विशेष वाटते: नमुन्यावर सूक्ष्म रेघारेघांचा प्रकाश पाडावयाचा, त्या रेघा व नमुन्यातील बारकावे यांच्या मिलाफातून जी ठळक नक्षी उमटते ती टिपावयाची, रेघा सरकवीत व फिरवीत अनेक छायाचित्रे घ्यावयाची, आणि दडलेला तपशील गणिताने उलगडावयाचा. या रीतीने मर्यादा सुमारे १०० नॅनोमीटरांवर आली.

माशीच्या या अवाढव्य अपवादावरून इतर पेशींविषयी काही अनुमान काढणे रास्त आहे काय, ही शंका वाजवी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ईगन, हार्टल व कॉर्नबर्ग यांनी २०१५ साली, मुख्यतः रासायनिक पद्धतीने, दाखवून दिले की पट्ट्यांच्या ठिकाणी डीएनएची जी घट्ट घडी असते, तीच फळमाशीच्या सामान्य पेशींतही त्याच जागी असते.