थंडीत घरालाही वाफसा हवा

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगाम ऐन भरात आहे. शिवारात तोडणी चालू आहे आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सोलापूरला सिद्धरामेश्वरांचा गड्डा भरेल. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहायला पाहुणे येतील, लेकी माहेरी येतील. घर माणसांनी भरेल. नेमके याच दिवसांत थंडीही कडक असते. म्हणून या वेळी लागण-खोडव्याचा विषय बाजूला ठेवून घरातली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीची भोगीची रात्र. मी वजनकाट्यावरून दोन वाजता घरी आलो. कडी वाजवली तरी बराच वेळ दार उघडेना. शेवटी मंडळींनी भिंतीला धरत धरत दार उघडले. आत मुलगी ओकत होती, आई "डोकं फुटतंय" म्हणून कण्हत होती, धाकट्याला हलवले तरी जाग येईना. पहिला संशय भोगीच्या भाजीवर गेला. पण त्याच भाजीशी तीन भाकरी खाऊन वडील ओसरीत झोपले होते आणि ते ठणठणीत होते! मग माझे लक्ष कोपऱ्यातल्या घमेल्याकडे गेले. थंडी म्हणून आईने चुलीतले निखारे भरून आत ठेवले होते. दार लावलेले, खिडकीच्या फटीत पोते कोंबलेले. सगळ्यांना उचलून अंगणात आणले आणि जीपमधून दवाखाना गाठला. तिथे प्राणवायू लावला. देवाच्या दयेने सगळे वाचले. त्या रात्री काट्यावर गाड्यांची रांग आणखी दोन तास राहिली असती, तर काय झाले असते हा विचार आजही झोपू देत नाही.

हे का होते, ते समजून घ्या. कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळले, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपण समजतो की धूर गेला, आता निखारे निर्धोक झाले. इथेच फसतो. धूर नसलेला, वर राख धरलेला निखाराही हा वायू सोडतच असतो. आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या द्रव्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही.

उसाचेच बघा ना. रानात पाणी तुंबले की मुळ्यांना हवा मिळत नाही आणि ऊस पिवळा पडतो. म्हणून आपण वाफशाची वाट पाहतो. मुळीला जर हवा लागते, तर माणसाला लागणार नाही का?

ओळखायचे कसे? डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलटी, हातापायांतले बळ जाणे ही लक्षणे. एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम त्रास होऊ लागला आणि बाहेर आल्यावर बरे वाटू लागले, तर अन्नाला दोष देण्याआधी विस्तवाकडे बघा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाई यांना धोका जास्त.

काय करायचे? दारे-खिडक्या उघडा, माणसाला उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणे, ताक पाजणे यात वेळ घालवू नका. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणीही घालू नका. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा आणि "खोलीत निखारे होते" हे आवर्जून सांगा.

आता पाळायचे नियम :

१) शेगडी, घमेले, निखारे झोपायच्या खोलीत नकोत. शेकायचे ते अंगणात शेका. उठताना पाणी किंवा माती टाकून पुरते विझवा. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे शेगडी चालते, असे नव्हे. ऊब हवी तर एक वाकळ जास्त घ्या.

२) बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायचा तर निखारे बाहेर ठेवा. कापड बाहेर गरम करून आत न्या.

३) गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात नको, त्यातूनही हाच वायू येतो. तो बाहेरच्या बाजूला बसवून घ्या. पाहुणे एकामागून एक आंघोळीला जातात तेव्हा धोका वाढतो.

४) जनरेटर किंवा डिझेल इंजिन बंद खोलीत चालवू नका.

५) सिलिंडरचा गॅस निराळा. त्याला मुद्दाम वास घातलेला असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

शेवटी एक विनंती. आपल्या रानात तोडणी मजुरांच्या कोप्या पडल्या आहेत. आत तान्ही लेकरे आहेत आणि भिंती पाचटाच्या. थंडीने ती माणसे कोपीत विस्तव ठेवतात. त्यात या वायूचाही धोका आणि आगीचाही. आपला ऊस तोडायला घर सोडून आलेली ही माणसे आहेत. एक फेरी मारा, मुकादमाला आणि बायाबापड्यांना हे समजावून सांगा, जुनी पांघरुणे असतील तर द्या.

हा लेख आज रात्री जेवणे झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवा. विशेषतः आईला. माझ्या आईला हे आधी कुणी सांगितले नव्हते.

आपला,
ऊस विकास अधिकारी